‘एचएच’ नको, ‘एच नसलेला’ असे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉम्बे रक्तगटाचा दाता तातडीने हवा’ अशी आवाहने मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत रक्तगट कधी ‘एचएच’, कधी ‘ओएच’, तर कधी नुसता ‘दुर्मिळ ओ’ असा छापलेला असतो. यातले ‘एचएच’ देवनागरीत उतरले की त्याचा अर्थच पुसला जातो. रोमन लिपीत मोठा एच आणि लहान एच ही दोन वेगळी चिन्हे आहेत. दोन मोठे एच म्हणजे एच प्रतिजन (लाल पेशीच्या पृष्ठभागावरची एक ओळखखूण) घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत असलेला माणूस; आपल्यापैकी जवळजवळ सगळे त्यात येतात. दोन लहान एच म्हणजे त्या दोन्ही प्रती निकामी असलेला माणूस, आणि बॉम्बे रक्तगट त्याचा. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे दोघेही ‘एचएच’ होतात. साधा ओ गट असलेला दाता हे वाचून धावत येतो, आणि ज्याचे रक्त खरोखर हवे आहे त्याला हे आपल्यासाठी आहे हेच कळत नाही.

हीच गफलत साखरेच्या नावांतही होते. ‘डी-ग्लुकोज’मधला डी मोठा की लहान, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत व आरोग्यविषयक लेखांत दोन्ही ‘डी’च. या दोन गफलती आम्ही एकाच पत्रात मांडतो आहोत, कारण रक्तगटातला तो ‘एच’ ही मुळात एक साखरच आहे, आणि तीही आरशातल्या बाजूची.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज ही साखर असते. त्या गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनला एल-फ्यूकोज ही आणखी एक साखर (‘एल’चा अर्थ पुढे येतो) जोडली गेली की जे टोक तयार होते, त्याला एच प्रतिजन म्हणतात. एच तयार असेल तरच पुढचे काम होते. ए गटाचे विकर (एन्झाइम) त्याच गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसामाइन लावते, बी गटाचे विकर तिथे आणखी एक गॅलॅक्टोज लावते. ओ गटात यातले काहीच लागत नाही, एच उघडा राहतो. म्हणून एचचे प्रमाण ओ गटाच्या पेशींवर सर्वांत जास्त असते. बॉम्बे रक्तगटात फ्यूकोज जोडणारे विकरच नसते. मग अशा माणसाकडे ए किंवा बीचे जनुक असले तरी ते दिसत नाही, कारण त्या विकरांना पकडायला एच लागतो. ‘आई ओ, मग मूल एबी कसे?’ या प्रश्नावरून घराघरांत संशय उभे राहतात. आईचा ‘ओ’ हा खरोखरचा ओ आहे का, हे आधी तपासायला हवे. ओ दिसणारी बॉम्बे गटाची आई आपल्याकडचे बीचे जनुक मुलाला देऊ शकते आणि मुलात ते उघड दिसू शकते.

आता ‘आरशातली बाजू’ म्हणजे काय, हे हातात धरून पाहावे. लिंबाएवढा कणकेचा गोळा घ्यावा. तीन टूथपिक तिपाईच्या पायांसारख्या खाली पसरून खोचाव्यात आणि चौथी सरळ वर. कोणत्याही दोन काड्यांमधला कोन साधारण 109 अंशांचा यायला हवा. चार टोकांना चार वेगळ्या वस्तू लावाव्यात: भिजवलेला वाटाणा, भिजवलेला चणा, मनुका आणि द्राक्ष. असाच दुसरा गोळा करावा, फक्त कोणत्याही दोन वस्तूंची अदलाबदल करावी. हे दोन गोळे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि कसेही फिरवले तरी चारही टोके एकाच वेळी जुळत नाहीत. पुन्हा एकदा दोन वस्तू बदलल्या की दुसरा गोळा पहिल्यासारखा होतो. वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे चारही काड्या एकाच पातळीत, अधिक चिन्हासारख्या खोचणे. तसे केले तर प्रतिमा उलटून मूळ गोळ्यावर अलगद बसते, आणि विद्यार्थ्याला वाटते की आरशातले रूप वेगळे असते ही गोष्टच खोटी आहे. कार्बनचे चार हात अवकाशात पसरलेले असतात, हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्ये मांडले. मनुकेच्या जागीही वाटाणा लावला, म्हणजे दोन टोके सारखी केली, तर दोन्ही गोळे एकच होतात. म्हणून चारही टोके वेगळी असलेल्या कार्बनलाच असममित कार्बन म्हणतात.

ग्लुकोजच्या उघड्या साखळीत असे चार असममित कार्बन आहेत: दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा. प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणून एकूण 16 रूपे, म्हणजेच आरशातल्या आठ जोड्या. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज ही यातल्या तीन जोड्यांची नावे. कागदावर साखळी उभी काढली, ॲल्डिहाइड (ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले टोक) वर ठेवला, आणि सर्वांत खालच्या असममित कार्बनवरचा, म्हणजे पाचव्यावरचा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) उजवीकडे आला, तर घडण डी. डावीकडे आला तर एल. मोठ्या डी आणि मोठ्या एलचा अर्थ एवढाच.

इथे परीक्षेत गुण जातात ते असे. ‘एल-ग्लुकोज काढा’ म्हटले की मुले डी-ग्लुकोजच्या पाचव्या कार्बनवरचा एकच हायड्रॉक्सिल डावीकडे नेतात. घडण एल होते खरी, पण ते ग्लुकोज उरत नाही, एल-आयडोज होते. एल-ग्लुकोज हवे तर चारही कार्बनवरचे हायड्रॉक्सिल बाजू बदलून काढायला हवेत, कारण आरसा एकच जागा उलटी दाखवत नाही, सगळा रेणू उलटा दाखवतो. दुसरी चूक कागद फिरवण्याची. फिशरच्या आकृतीत, म्हणजे वर सांगितलेल्या उभ्या साखळीच्या चित्रात, आडव्या रेघा आपल्याकडे येणाऱ्या आणि उभ्या रेघा मागे जाणाऱ्या मानलेल्या असतात. कागद 180 अंशांत फिरवला तर चालतो, 90 अंशांत फिरवला की पुढचे मागे आणि मागचे पुढे होऊन रेणू उलटा होतो. हे सांगून पटत नाही, कणकेच्या गोळ्यावर पटते.

आता लहान डी. ही खूण द्रावणातून जाणारा ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणारा) प्रकाश कोणत्या बाजूला वळतो ते सांगते. घडणीशी तिचा बांधलेला संबंध नाही. ग्लुकोजला ‘डेक्स्ट्रोज’ हे नाव प्रकाश उजवीकडे वळवण्यावरून पडले. पाण्यात स्थिरावल्यावर त्याचे विशिष्ट वलन (ठरावीक मापाच्या नळीसाठी आणि द्रावणासाठी काढलेला वळण्याचा कोन, अंशांत) +52.7 असते. फ्रुक्टोजची घडणही डीच, पण त्याचे वलन सुमारे −92, म्हणजे चांगलेच डावीकडे. उलट बाभळीच्या डिंकात सापडणारे अरॅबिनोज एल घडणीचे असून प्रकाश उजवीकडे वळवते, सुमारे +105. मराठीत ‘डी म्हणजे उजवीकडे वळवणारी’ असे सरसकट छापले जाते, ते या दोन उदाहरणांपाशीच कोलमडते. घडणीसाठी डी आणि एल, आणि वलनासाठी अधिक-उणे चिन्ह, एवढी शिस्त मराठी मजकुराने पाळली तर लहान-मोठ्या अक्षरांची गरजच उरत नाही. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय पद्धतही आता वलनासाठी चिन्हेच वापरा असे सांगते.

पोलॅरिमीटरवर, म्हणजे हे वलन मोजणाऱ्या उपकरणावर, काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. निर्जल ग्लुकोज 10 ग्रॅम, पाणी घालून 100 मिलिलिटर आणि 20 सेंटिमीटरची नळी, तर वाचन 10.5 अंशांच्या आसपास यायला हवे. ते 9.6 च्या जवळ आले तर उपकरणाला दोष देण्याआधी बाटलीवरचे नाव वाचावे. तो मोनोहायड्रेट (प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू असलेला) असेल, त्यात दर 10 ग्रॅममागे ग्लुकोज 9.1 ग्रॅमच असते. आणि द्रावण करताक्षणी वाचन घेऊ नये. साखळी वळून कडे झालेल्या ग्लुकोजची दोन रूपे असतात: अल्फा रूपाचे वलन +112, बीटाचे +19. पाण्यात दोन्ही एकमेकांत बदलत जाऊन +52.7 वर थांबतात, आणि त्याला तास लागतात. अमोनियाचा एखादा थेंब टाकला की हे लवकर उरकते.

एमिल फिशर यांनी 1891 मध्ये ग्लुकोजच्या चारही कार्बनची एकमेकांच्या तुलनेत मांडणी ठरवली. पण आरशातल्या दोघांपैकी खरा निसर्गातला कोणता, हे ठरवायला त्या काळी साधन नव्हते. त्यांनी एक बाजू गृहीत धरली. 1951 मध्ये बेव्हूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर क्ष-किरणांनी खरी मांडणी मोजली, तेव्हा ते गृहीत बरोबर निघाले. साठ वर्षांची पुस्तके फाडावी लागली नाहीत.

पुढच्याच वर्षीची, 1952 ची, गोष्ट मुंबईची आहे. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा रक्तगट जाहीर केला, आणि तो आपल्या शहराच्या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. त्या सहकाऱ्यांत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स होते. ईल माशाच्या रक्तद्रवाने ओ गटाच्या पेशींचे पुंजके होतात हे ठाऊक होते. त्याच वर्षी मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी त्या रक्तद्रवात वेगवेगळ्या साध्या साखरा मिसळून पाहिल्या, आणि पुंजके होणे थांबवले ते एल-फ्यूकोजने. तेव्हापासून कळले की एच ओळखणाऱ्या प्रथिनाची खाच एल घडणीचे फ्यूकोज बसेल अशी घडलेली आहे. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात जशी बसत नाही, तसे.

‘निसर्गात सर्व साखरा डी घडणीच्या असतात’ हे वाक्यही म्हणून सुधारायला हवे. आपल्याच लाल पेशींच्या टोकावर एल घडणीचे फ्यूकोज आहे. शरीर ते कसे बनवते, हे फार सुंदर आहे. सुरुवात डी-मॅनोजपासूनच होते, तेही वाहक रेणूला जोडलेल्या. पहिले विकर सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन काढते आणि चौथ्यावर कीटोन (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) तयार करते. त्या कीटोनमुळे शेजारचा तिसरा आणि पाचवा कार्बन सैल होतात. दुसरे विकर त्या दोघांची बाजू उलटवते आणि मग चौथ्याला पुन्हा हायड्रॉक्सिल करते. पाचवा उलटला, म्हणून नाव डीवरून एलवर गेले. सगळा रेणू आरशात उलटवण्याची गरज पडली नाही. दोन सांधे फिरवले आणि मॅनोजचे फ्यूकोज झाले. वर सांगितलेली ‘एकच हायड्रॉक्सिल उलटवला की वेगळी साखर’ ही परीक्षेतली चूक पेशी इथे हेतुपूर्वक वापरते. हे फ्यूकोज पेशीच्या कामाच्या जागी पोचवणारा वाहक बिघडला, तर एच बनत नाहीच, शिवाय पांढऱ्या पेशींनाही फ्यूकोज मिळत नाही आणि लहान मुलांना पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. त्या दुर्मिळ आजारातही रक्तगट बॉम्बेच दिसतो. नेहमीच्या बॉम्बे गटाच्या माणसाची प्रकृती मात्र ठणठणीत असते. अडचण येते ती रक्त घ्यायची वेळ आल्यावर.

ती अडचण कशी येते आणि कशी टाळता येते, ते नेमके सांगतो. काचपट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी ओळखून पेशींचे पुंजके करणारी प्रतिपिंडे) टाकून केलेल्या झटपट तपासणीत बॉम्बे गटाच्या पेशी दोन्हीकडे निगेटिव्ह दिसतात, आणि कार्डावर ‘ओ’ लिहून दिले जाते. शिबिरांत आणि छोट्या प्रयोगशाळांत तपासणी इथेच थांबते. चूक पकडली जाते ती रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (माणसाचा रक्तद्रव माहीत असलेल्या गटांच्या पेशींवर तपासण्यात), तेही त्यात ओ पेशींची नळी ठेवली असेल तरच. तीन नळ्या घ्याव्यात. प्रत्येकीत तपासायच्या माणसाच्या रक्तद्रवाचे दोन थेंब. मग सलाइनमध्ये तीन वेळा धुऊन सुमारे 5 टक्के केलेल्या ए, बी आणि ओ पेशींचा एकेक थेंब. मिनिटभर हलक्या वेगाने फिरवून, तळाची गोळी हळूच हलवून वाचावे. साध्या ओ गटात ए आणि बी पेशींचे पुंजके होतात, ओ पेशी मोकळ्या राहतात. बॉम्बे गटात ओ पेशींचाही घट्ट गोळा होतो, कारण त्या माणसाच्या रक्तात अँटी-एच असते. पुष्कळ ठिकाणी ओ पेशींची नळी ‘काही मिळत नाही त्यात’ म्हणून वगळतात. हा नमुना पकडणारी तीच एक नळी आहे.

ओ पेशींचा गोळा दिसला म्हणून लगेच बॉम्बे जाहीर करू नये. थंडीत सक्रिय होणारी प्रतिपिंडेही ओ पेशी गोळा करतात. त्यासाठी त्याच माणसाच्या पेशी त्याच्याच रक्तद्रवासोबत चौथ्या नळीत ठेवाव्यात. थंड प्रतिपिंडे स्वतःच्या पेशींनाही सोडत नाहीत आणि 37 अंशांवर बहुधा ओसरतात. बॉम्बेचे अँटी-एच स्वतःच्या पेशींना हात लावत नाही आणि 37 अंशांवरही जोरात असते. नाण्यांच्या चळतीसारख्या रांगा दिसल्या तर रक्तद्रव काढून सलाइन घालावे, चळत सुटते. आधी रक्त घेतलेल्या किंवा बाळंतपण झालेल्या व्यक्तीत इतर प्रतिपिंडेही असू शकतात, म्हणून शेवटचा निर्णय पेशींवर एच आहे की नाही यावरच करावा. त्यासाठी अँटी-एच लेक्टिन (साखर ओळखून तिला चिकटणारे वनस्पतीचे प्रथिन) वापरतात. ते यूलेक्स नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांतून काढतात. हे झुडूप युरोपातले, आता निलगिरीच्या डोंगरांतही फोफावले आहे. या लेक्टिनची खाचही एल-फ्यूकोज ओळखणारी. साध्या ओ पेशींचा दणदणीत गोळा होतो, बॉम्बे पेशी जशाच्या तशा सुट्या राहतात.

लेक्टिनची दोन पथ्ये आहेत. रोज पहिली नळी साध्या ओ पेशींची लावावी. त्यांचाच गोळा झाला नाही तर लेक्टिन मेलेले आहे आणि पुढचे सगळे ‘निगेटिव्ह’ खोटे. आणि ज्याचा ए गट फॉरवर्डमध्ये (अँटी-ए, अँटी-बीच्या तपासणीत) स्पष्ट आला आहे, त्याच्या पेशी लेक्टिनला निगेटिव्ह आल्या तर घाबरू नये. ए-वन (ए गटाचा नेहमीचा उपप्रकार) पेशींवरचा एच बहुतेक सगळा ए होऊन गेलेला असतो. लेक्टिनच्या निकालाला अर्थ येतो तो अँटी-ए, अँटी-बी दोन्ही निगेटिव्ह असतील तेव्हा. शंका राहिली तर परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा.

इतके बारकावे लिहिण्याचे कारण एकच. तातडीच्या वेळी ‘कोणालाही चालते’ म्हणून ओ निगेटिव्ह पिशवी क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, ही तपासणी) न करता लावतात. बॉम्बे गटाच्या रुग्णाला ती सर्वांत घातक, कारण एच तिच्यातच सर्वांत जास्त. अँटी-एच त्या पेशी रक्तवाहिनीतच फोडते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, माणूस दगावू शकतो. बॉम्बे गटाला बॉम्बे गटाच्याच पेशी चालतात. देशात साधारण दहा हजारांत एक असे हे लोक असल्याचे सांगितले जाते. त्यामुळे ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचेच रक्त काढून साठवणे हा चांगला मार्ग आहे. योग्य द्रावणात लाल पेशी 42 दिवस टिकतात, ग्लिसरॉल घालून गोठवल्या तर दहा वर्षे. आणि दाता शोधायचा तर पहिल्यांदा सख्ख्या भावंडांत. हा गुण दोन्हीकडून मिळावा लागतो, म्हणून आईवडील दोघेही वाहक (प्रत्येकी एक निकामी प्रत असलेले) असतील तर प्रत्येक भावंडात तो उतरण्याची शक्यता चारांत एक. आवाहन छापायला देण्याआधी भावंडांची तपासणी झाली आहे का, हे आपल्या वार्ताहराने नातेवाइकांना जरूर विचारावे.

आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा प्रश्न वेगळा असतो आणि तोही सांगावा लागतो. ‘आरएच’मधल्या एचचा या एचशी काही संबंध नाही, पण घाईत वाचणाऱ्याला ते दोन्ही एकत्र दिसतात. म्हणून पुढच्या आवाहनासाठी आमची सुचवणी अशी:

‘बॉम्बे रक्तगटाचे रक्त हवे. हा साधा ओ गट नव्हे. लाल पेशींवर एच नसलेला गट. आरएच पॉझिटिव्ह. ज्यांच्या तपासणीत अँटी-एच लेक्टिन निगेटिव्ह आले आहे आणि ज्यांचा रक्तद्रव ओ पेशी गोळा करतो, त्यांनीच संपर्क साधावा. ज्यांना क्रॉसमॅचच्या वेळी ‘एकही ओ पिशवी जुळत नाही’ असे सांगितले गेले आहे, त्यांनी रक्तपेढीत एच तपासून घ्यावा.’

आपले,
रसायनशास्त्राच्या एक अध्यापिका आणि रक्तपेढीतील एक तंत्रज्ञ
परळ, मुंबई